गुरुवारची कुपी

साठी उलटली की दवाखान्यातून घरपोच खोका यायचा. आत एक काडी, एक कुपी. आतड्याचा कॅन्सर वेळेत कळावा म्हणून शौचात लपलेलं रक्त शोधायचं. घड्याळजींच्या घरी दोन खोके आले, एक त्यांचा, एक बायकोचा. सोबतचा कागद वाचूनच त्यांना मळमळलं.

चाळीस वर्षं चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचलणाऱ्या माणसाने आता हे उकरायचं? बायकोने मात्र सोमवारी आपली कुपी भरली, हात खसाखसा धुतले आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशी पोळी त्यांच्या घशाखाली उतरेना.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फोन करकरून पिच्छा पुरवला, तेव्हा घड्याळजींनी शक्कल लढवली. "तुला चालतं ना सगळं, मग माझीही तूच भर. कोण बघतंय?" बायको दोन दिवस नाही म्हणाली. मग गुरुवारी, कटकट नको म्हणून, तिने भरून दिली. ती कुपी त्यांनी कागदात गुंडाळून, तोंड फिरवून दवाखान्यात पोचवली.

सोमवारची कुपी स्वच्छ निघाली. गुरुवारच्या कुपीत रक्त सापडलं.

"तुमची दुर्बिणीने तपासणी करायला हवी," नर्सबाई फोनवर म्हणाल्या. घड्याळजींनी फोन ठेवला. खरं सांगावं तर म्हाताऱ्याचं हसं होणार. आणि हिची पहिली कुपी तर स्वच्छच होती, दवाखान्याचाच घोळ असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. "तुमचं काय आलं?" बायकोने विचारलं. "ठीक आहे," ते म्हणाले.

नवव्या दिवशी नर्सबाईंचा पुन्हा फोन आला. घड्याळजींनी आडून विचारलं, "एकाच माणसाचं एकदा स्वच्छ, एकदा रक्त, असं होतं का हो?"

"होतं की. गाठीतून रोज रक्त येतंच असं नाही. लवकर सापडली तर काढून टाकता येते. उशीर करू नका."

बायको समोरच शेंगा सोलत होती. घड्याळजींना स्वतःची इतकी किळस आली की तोंड कडू झालं. फोन हातात तसाच धरून त्यांनी तिला सगळं सांगितलं.

तिने शेंगांची परात बाजूला सारली. "पहिला फोन कधी आला होता?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस माझ्यासमोर बसून जेवलात?"

तिने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि नर्सबाईंना आपलं नाव सांगून सगळ्यात जवळची तारीख मागितली.