सिपोराचं हमीपत्र

कल्याणच्या शाळेच्या मॅडम गुरुवारी अकराला घरी येणार होत्या, आणि सिपोरा पेझारकरनं सकाळी सहापासून घर डोक्यावर घेतलं होतं. मुलाखत पाच वर्षांच्या याएलची होती, घाम मात्र तिच्या आईला फुटला होता.

पेझारकरांच्या माहितीत छत्रपती संभाजीनगरात ज्यू म्हणावं असं हे एकच घर उरलं होतं. सासरे रेल्वेत होते, बदलीवर आले आणि इथंच राहिले. बाकीची चार-दोन घरं मुंबईला गेली, नाहीतर थेट इस्राएलला. सिपोराच्या नवऱ्याचं, बेनीचं, औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान होतं आणि ते बरं चालत होतं. अडचण होती ती शनिवारची. याएलच्या बालवाडीत शनिवारी सकाळची शाळा असे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, हे लोक लेकराला शाळेत पाठवत नसत. मग दर सोमवारी बेनी चिठ्ठी लिहून देई, की मुलीचं पोट दुखत होतं. "कशाला उगाच सगळ्यांना धर्म समजावत बसायचं?" तो म्हणे. दर शनिवारी नेमानं दुखणारं पोट! सिपोराला त्या चिठ्ठीची चीड येई.

आणखी एक गोष्ट तिनं बेनीलासुद्धा सांगितली नव्हती. मुंबईत मामेबहिणीच्या लग्नात सगळ्यांनी प्रार्थनेची पुस्तकं उघडली, तशी तिनंही उघडली. शेजारच्या सात वर्षांच्या पोरीनं हळूच तिच्या हातातलं पुस्तक सुलटं करून दिलं. हिब्रूचं एक अक्षर सिपोराला येत नव्हतं. शमाची प्रार्थना तेवढी तोंडपाठ, तीही आजीकडून ऐकून. त्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तिनं ठरवलं की याएलवर ही पाळी येऊ द्यायची नाही.

म्हणून ही कल्याणची शाळा. नवीनच निघालेली, लहान मुलांची, शनिवारी बंद, पहिल्या दिवसापासून हिब्रू. सिपोरा लेकीला घेऊन तिथं बहिणीकडे राहणार होती आणि बेनी इथं दुकान सांभाळणार होता. महिनाभर भांडून तिनं त्याला राजी केलं होतं.

सासूबाई रहेलबाईंनी मात्र तिला न विचारता एक काम करून ठेवलं. पोरीला शाळा मिळावी म्हणून त्यांनी एलियाहू हन्नावी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला होता. तो खरं तर शाळा मिळाल्यावर फेडायचा. पण धर्माच्या शाळेची बाई घरी येणार, तिला मलिद्याहून मोठा मान कोणता, असा त्यांनी हिशेब केला. पोहे भिजवले, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची घातली, भोवती पाच फळं मांडली. शेजारच्या वच्छलाबाईंनी गच्चीवरचे गुलाब आणून दिले. तबक असं सजलं की बघत राहावं.

तळकर मॅडम वेळेवर आल्या. तिशीतल्या, डोक्याला रुमाल, बोलणं गोड. मूळच्या पनवेलच्या, आपल्यातल्याच, पण आठ वर्षं परदेशात शिकून आलेल्या. त्यांनी याएलला जवळ घेतलं.

"शनिवारी तुमच्याकडे काय असतं गं?"

"गॅस नाय पेटवत. शुक्रवारचं खातो."

"छान! आणि मुंबईला गेल्यावर प्रार्थनेला कुठे जाता?"

"मशिदीत," याएल म्हणाली.

चूक काहीच नव्हती. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरांत पिढ्यान् पिढ्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणतात. पण मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "सिनेगॉग म्हणायचं, बेटा," त्या म्हणाल्या. नेमक्या त्याच वेळी रहेलबाई तबक घेऊन बाहेर आल्या.

"घ्या मॅडम. एलियाहूचा मलिदा हाय. तुमच्यासाठीच केला."

मॅडमनी हात मागं घेतला. "मावशी, राग मानू नका. हे आपल्या ग्रंथांत कुठेच नाही. शेजारपाजारचं बघून आलेलं आहे. फुलं, फळं, नवस... मी नाही घेणार."

रहेलबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. सत्तरीची बाई, तबक धरून तशीच उभी राहिली. मग आपलीच काही चोरी पकडली गेल्यासारखी मागल्या पावली आत गेली. सिपोरा तिच्यामागं जायला उठली आणि पुन्हा खाली बसली. शाळा हवी होती ना!

मॅडमनी पिशवीतून अर्ज काढला. मुलगी हुशार आहे, जागा मिळालीच समजा, म्हणाल्या. फक्त शेवटच्या पानावर सही हवी. सिपोरानं ते पान वाचलं. वर ठळक अक्षरांत 'पालकांचे हमीपत्र'. आम्ही घरी मलिदा करणार नाही. नवस बोलणार नाही. परंपरेच्या नावाखाली चालत आलेल्या चुकीच्या चालीरीती मुलांसमोर पाळणाऱ्या नातेवाइकांपासून पाल्याला दूर ठेवू.

"नातेवाइकांपासून म्हणजे?" सिपोरानं विचारलं. "आजीपासून?"

"तसं नव्हे हो. पण घरी एक आणि शाळेत एक झालं की मूल गोंधळतं. मी हे सोसलंय, म्हणून सांगते."

"तुमची आजी करायची का मलिदा?"

"करायची. मी सोडून दिलं."

"मलिदा की आजी?"

मॅडमनी पेन पुढं केलं. बेनी मधे पडला, "अगं, कर ना सही. कागदच तर हाय. घरात काय करतो ते कोण बघायला येतंय?"

"म्हणजे पुन्हा पोटदुखीची चिठ्ठी," सिपोरा म्हणाली. "तिकडे शनिवार लपवायचा, इकडे आजी लपवायची. लेकरानं उजळ माथ्यानं वागायचं तरी कुठं?"

तिनं पेन घेतलं, पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. "शाळेचे हमीपत्र. कुमारी याएल बेंजामिन पेझारकर हिला तिच्या आजीची लाज वाटेल असे काहीही आम्ही शिकवणार नाही. ग्रंथ हाती नव्हते, तेव्हा तिच्या आजीसारख्या बायकांनीच शब्बाथ आणि शमा टिकवले, हे तिला पहिल्या दिवशी सांगू."

"यावर आधी तुम्ही सही करा. मग मी करते."

"शाळा पालकांना हमी देत नसते," मॅडम म्हणाल्या. आवाजातला गोडवा आटला होता.

"मग पालक तरी का देतात?"

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. हात पेनापर्यंत गेला असं सिपोराला वाटलं, पण त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. "विचार करा. जागा सोमवारपर्यंत ठेवते," म्हणाल्या आणि निघाल्या.

"झाला विचार," सिपोरा दारात उभी राहून म्हणाली. "जागा दुसऱ्या कुणाला द्या."

रिक्षा गेली आणि ती उंबऱ्यावरच बसली. महिनाभर भांडून मिळवलेली शाळा पाच मिनिटांत घालवली होती. वाईट वाटत होतं, लई वाटत होतं, पण पश्चात्ताप शोधून सापडत नव्हता. बेनी डोकं धरून बसला. आतून रहेलबाई आल्या, डोळे लाल.

"माझ्यापायी पोरीची शाळा गेली गं."

"तुमच्यापायी नाय, आई. मी घालवली, आणि पुन्हा घालवीन." ती बेनीकडे वळली. "सोमवारी बालवाडीत मी जाते. पोट दुखत नाही, आमचा शब्बाथ असतो, असं सांगते. त्यांना काय करायचं ते करू देत."

"आणि हिब्रू?" बेनी म्हणाला. "त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप केलास ना?"

"मी शिकते. पुस्तकं मागवते, फोनवर शिकते, कुणाचे तरी पाय धरते. आधी मी, मग हिला शिकवते. मला काही येत नाही, पुस्तक सुलटं कसं धरायचं तेही येत नाही. चुका होतील. झाल्या तर आपल्या होतील."

रहेलबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सुनेसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मला बी शिकव," त्या म्हणाल्या. "त्या बाईला एकदा वाचून दाखवायचंय."