निम्मी चूक

"केळी उचला रे, कोणीतरी केळी उचला," नरहरी रस्त्यावर पडल्या पडल्या सांगत होता.

कोणी केळी उचलत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते, पण तोंडाकडे नाही, खाली. म्हणून त्यानेही खाली बघितलं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत त्याचाच होता. त्यापुढे लेंगा, रक्त आणि हिरव्या केळ्यांचा सगळा एकच चिखल झाला होता, आणि त्यातलं आपलं नक्की काय, तेच त्याला कळेना.

दुखत नव्हतं. हीच मोठी आश्चर्याची गोष्ट होती. पुढे ट्रक उभा होता. त्याच्या फळ्यांमधून ओल्या रेतीचं पाणी टपटप गळत होतं. ड्रायव्हरचं दार उघडं, आत कोणी नाही. सायकलचं पुढचं चाक अजून फिरत होतं. मागून धापा टाकत कमळी आली. ती रोज त्याच वेळेला भाजी घेऊन विरारच्या बाजाराला चालत जायची. तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, लुगड्याचा पदर फाडला आणि त्याच्या मांडीला आवळून बांधला.

"दादा, खाली बघू नको. माझ्याकडं बघ."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि मग काहीच दिसेनासं झालं.

बोळिंजच्या अलीकडे नरहरीची वाडी. केळी, थोडी पानवेल, कडेने नारळ. रोज सकाळी सायकलच्या मागे केळ्यांची दोन लोंगरं आडवी बांधायची आणि स्टेशनाकडे निघायचं, हे काम त्याचे वडील करायचे आणि वडिलांनंतर तो. रस्ता अंगवळणी पडलेला. अलीकडे मात्र नालासोपाऱ्यात इमारती उठायला लागल्या होत्या, त्यांना रेती लागायची आणि रेतीचे ट्रक उजाडायच्या आत सुटायचे. त्यातलाच हा एक. हरिश्चंद्रशेटचा.

पाय गुडघ्याखाली कापला. हॉस्पिटलात डोळे उघडले तेव्हा चादर एका बाजूला सपाट होती. नरहरीने हात फिरवून बघितलं, पुन्हा फिरवला, आणि बायकोला, विमलाला, विचारलं की पाय कुठाय. तिला वाटलं हा बरळतोय. तो बरळत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, की असं कापलेलं माणसाचं नेतात कुठे. विमला पदर तोंडात कोंबून बाहेर गेली आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्याला कधीच मिळालं नाही.

घरी आल्यावर एकदा हरिश्चंद्रशेट भेटायला आले. आपल्या जीपमधून त्यांनीच नरहरीला हॉस्पिटलात पोचवलं होतं, हे गावाला माहीत होतं. मोसंब्यांची पिशवी घेऊन आले, सोबत गावातलाच रामनाथ. तो त्यांच्याकडे ट्रकांची देखरेख करायचा. ओटीवर बसले. नशिबाच्या गोष्टी झाल्या, पोराबाळांची चौकशी झाली, विमलाने चहा दिला. ट्रकबद्दल कोणी काही बोललं नाही. नरहरीला वाटलं, आपणहून काढणं बरं दिसत नाही, घरी आलेला माणूस.

मग शेट उठले. नरहरीच्या घरची रीत अशी, की पाहुणा निघाला की वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, सोबत जायचं, बेडं आपल्या हाताने उघडायचं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहुणा निघाला आणि नरहरी खाटेवरच राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हात जोडले.

"चुकलंमाकलं माफ करा, शेट. उठता येत नाही."

शेटनी पण हात जोडले आणि गेले. झालं ते एवढंच.

फेबियन तुस्कानो हा पलीकडच्या पाड्यातला पोरगा. नुकताच वकील झालेला, कोट शिवलेला पण कोणी केस देत नाही अशी गत. तो एका संध्याकाळी स्वतःच आला आणि म्हणाला, नरहरीकाका, तुम्ही दावा का करत नाही? नरहरी हसला. म्हणाला, सायकलला कुठे रे विमा असतो.

"सायकलला नसतो, काका. ट्रकला असतो. तो ट्रकसाठी नाही, तुमच्यासाठी असतो."

 ज्या गाडीने आपल्याला चिरडलं, तिच्या कागदात आधीपासून आपली सोय करून ठेवलेली असते, हे नरहरीच्या डोक्यातच शिरेना. फेबियनने सांगितलं की सहा महिन्यांच्या आत ठाण्याच्या कोर्टात अर्ज गेला पाहिजे. चालत जाणारा असो, सायकलवाला असो, गाडीवाल्याची चूक दाखवून दिली की भरपाई मिळते. शेटच्या खिशातून नाही, विमा कंपनीकडून. त्यामुळे शेटचा संकोच नको.

"आणि चूक माझी निघाली तर?"

"तर काही नाही मिळत. पण तुमची कशी निघेल?"

नरहरीने मान हलवली. मग म्हणाला, मिळेल ते मिळू दे, पण मी माझ्या बाजूने चाललो होतो, एवढं कोर्टाने म्हटलं पाहिजे. कारण गावात बोलायला लागले होते. लोंगरं जड, तोल गेला असेल. डुलकी लागली असेल. रामनाथ तर नाक्यावर सांगत होता, की नरहरी रस्त्याच्या मधून जायचा, रस्ता काय बापाचा समजतो. नरहरी कुबड्या घेऊन दुकानापर्यंत गेला की बाकावरची माणसं बोलणं थांबवायची. पाय गेल्याचं त्याने सोसलं. पण हे थांबलेलं बोलणं त्याला झोपू देत नव्हतं.

ठाण्याला तारीख लागली. एसटीतून उतरून कोर्टाच्या पायऱ्या चढताना विमलाने मागून त्याचा शर्ट धरला होता.

आधी कमळीची साक्ष झाली. विमा कंपनीचा आणि शेटचा मिळून एकच वकील होता. पांढऱ्या केसांचा, गोड बोलणारा. त्याने विचारलं, बाई, तुमच्या डोक्यावर टोपली होती ना, मग तुम्हाला दिसलं कसं?

"टोपली डोक्यावर व्हती, साहेब. डोल्यांवर नव्हती."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशसाहेब पण हसले. कमळी हसली नाही. ती म्हणाली, दादा डावीकडं व्हता, गाडी पन डावीकडं आली, दोघांना कुठनं पुरल जागा. फेबियनचा चेहरा फुलला. त्याने मागे वळून विमलाला डोळ्यांनीच सांगितलं, झालं आपलं काम.

मग नरहरी पिंजऱ्यात उभा राहिला. वकिलाने त्याला सायकलबद्दल विचारलं, ओझ्याबद्दल विचारलं, उजेड होता का विचारलं. नरहरीने जसं होतं तसं सांगितलं. वकील अगदी आपुलकीने ऐकत होता. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, की हरिश्चंद्रशेट तुमच्या घरी आले होते का.

"आले होते."

"चहा घेतला?"

"घेतला की. बायकोने केला होता."

"निघताना तुम्ही त्यांना हात जोडलेत?"

"जोडले."

"आणि काय म्हणालात?"

नरहरीला वाटलं, कसले हे प्रश्न. पण शपथ घेतलेली. त्याने सांगितलं, "म्हटलं, चुकलंमाकलं माफ करा."

"म्हणजे माफी मागितलीत."

"हो. मागितली."

वकील खाली बसला. बस, एवढंच. त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. न्यायाधीशसाहेबांनी क्षणभर मान वर करून नरहरीकडे बघितलं. ते काही परमुलखातले नव्हते, त्यांच्या घरी पण निघताना लोक हेच म्हणत असणार. पण कोर्टाचं टायपिंग इंग्रजीत. त्यांनी टायपिस्टला एक छोटं वाक्य सांगितलं, त्यात अपॉलॉजी असा काहीतरी शब्द आला आणि टाइपरायटर कडकड वाजला. नरहरीला इंग्रजी येत नव्हतं. त्याने फेबियनकडे बघितलं. फेबियन पांढराफटक पडला होता.

काय झालं, हे नरहरीला फेबियनच्या तोंडावरून कळलं. ट्रक अंगावर आला तेव्हाही असंच झालं होतं. आधी दुसऱ्यांच्या तोंडावर दिसलं, मग स्वतःला कळलं.

फेबियन धडपडत उठला. "काका, माफी कशाबद्दल मागितली होती, ते साहेबांना सांगा."

  जन्मभरात हे नरहरीला कोणी विचारलं नव्हतं. लग्नात व्याह्यांना म्हटलं होतं, बारशाला आलेल्यांना म्हटलं होतं, बापाच्या दिवसांना जेवून गेलेल्यांना म्हटलं होतं. कशाबद्दल?

"कशाबद्दल म्हणजे?" तो म्हणाला. "पाहुणा निघाला होता."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ह्या वेळी टाइपरायटर वाजला नाही.

बाहेर व्हरांड्यात विमला त्याच्यावर करवादली. म्हणाली, नको ते सगळं कशाला सांगत बसायचं, गप्प राहता येत नव्हतं का. नरहरी भिंतीला टेकून उभा होता. तेवढ्यात हरिश्चंद्रशेट समोर आले. त्यांना चुकवून जाता आलं असतं, पण ते थांबले. माणूस तसा वाईट नव्हता. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, नरहरीभाऊ, मनात काही धरू नका, हे वकिलांचं चालतंच. मग जायला वळले आणि वळता वळता हात जोडून म्हणाले, "बरं येतो. चुकलंमाकलं माफ करा."

म्हणाले आणि जागच्या जागी थिजले.

"घ्या आता हे पण लिहून," विमला म्हणाली.

फेबियन खरंच धावला. आत साहेब जेवायला उठले होते, टायपिस्टने डबा उघडला होता. तो पांढऱ्या केसांचा वकील दाराशी पान जुळवत होता. फेबियनने त्यालाच धरलं, आत्ता शेट काय म्हणाले ते ऐकलंत ना, म्हणून. वकिलाने पानाला चुना लावला.

"अहो तुस्कानो," तो म्हणाला, "ते तर सगळेच म्हणतात."

निकालाला पावसाळा उलटला. त्या दिवशी कमळी आली नाही, तिची भाताची शेतं कापायला आली होती. नरहरी आणि विमला बाकावर बसून होते. साहेबांनी इंग्रजीत वाचलं, भराभरा, मान खाली घालून. फेबियनने बाहेर आणून मराठीत सांगितलं. ट्रकवाल्याने बेफिकिरीने गाडी चालवली, हे मान्य झालं होतं. भरपाई मंजूर होती. पण निम्मीच. कारण अपघातात निम्मी चूक सायकलवाल्याची होती आणि ती त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यासारखी होती.

"हायकोर्टात जाऊ, काका. हे टिकणार नाही."

नरहरी ऐकत नव्हता.  तो म्हणाला, "निम्मी म्हणजे कुठली?"

"काय?"

"निम्मी चूक माझी. ती कुठली, ते लिहिलंय का त्यात?"

फेबियनने निकाल परत उघडला. पानं पुढे केली, मागे केली. ते त्यात नव्हतं.

 परतताना विरारला उतरून तिघं टांग्यात बसले. बोळिंज जवळ आलं तशी नरहरीने टांगा थांबवायला सांगितला. विमलाला कळलं. ती म्हणाली, नको. तो उतरला. ती टांग्यातच बसून राहिली, तोंड दुसरीकडे करून. तिने ती जागा अजून बघितली नव्हती आणि तिला बघायची पण नव्हती.

रस्ता अरुंद, एका बाजूने बाभळी, दुसऱ्या बाजूने खाडीच्या खाजणाचा चर. चरात काळं पाणी आणि चिखल. नरहरी कुबड्या टेकत डांबराच्या कडेला गेला. जिथे डांबर संपतं तिथे स्टेशनाकडे तोंड करून उभा राहिला.

"इथे होतो मी," तो म्हणाला. "कमळीला विचार. इथेच."

मग त्याने डावी कुबडी उचलून बाहेरच्या बाजूला टेकायला बघितली. ती टेकली नाही. खाली चर होता. त्याने परत जागेवर आणली, परत बाहेर नेऊन बघितली, जशी काही जागा आपल्यालाच दिसत नसेल.

"ह्याच्यापेक्षा डावीकडे कुठे जाणार? तू वकील आहेस. तू दाखव."

फेबियन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. खाली बघितलं. डांबर कुठे संपतं, चर कुठे सुरू होतो, मध्ये किती उरतं, सगळं बघितलं. बुटाने चाचपून बघितलं.  कोर्टात कमळीला फूट विचारले, यार्ड विचारले, पण इथे येऊन उभं राहायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्याही नाही.

मागून घरघर आली. रेतीचा ट्रक. भरलेला, रस्ता भरून येणारा. हॉर्न वाजला आणि फेबियनने कसला विचार न करता उडी मारली. सरळ चरात. कोट, बूट, निकालाची पिशवी, सगळ्यासकट गुडघाभर चिखलात.

नरहरी हलला नाही. ट्रक त्याच्या शर्टाला वारा लावून गेला. फळ्यांमधून गळलेल्या पाण्याची ओली रेघ त्याच्या कुबडीपासून पुढे गेली.

टांग्यातून विमलाने वळून बघितलं. नरहरी जागेवर आहे हे दिसलं, तशी तिने परत तोंड फिरवलं.

फेबियन चिखलातून पाय उपसायला बघत होता. एक निघाला की दुसरा आणखी रुतत होता. एक बूट आतच राहिला. नरहरीने उजव्या कुबडीवर सगळा भार घेतला, नीट तोल सांभाळला आणि डावी कुबडी त्याच्यापुढे खाली केली.

"धरा, वकीलसाहेब," तो म्हणाला. "सावकाश या वर."