पाळी कुणाची

आमच्या चाळीत चार घरांना मिळून एक संडास. दर शनिवारी एका घरानं तो धुवायचा. त्याला आम्ही पाळी म्हणतो. बायकांच्या पाळीलाही पाळीच म्हणतो. एवढ्या वर्षांत त्यावरून कुणाचं काही अडलं नव्हतं.

वीस साली माझे सासरे, शंकरप्पा, कोविड सेंटरमधून घरी आले. घशाचा रिपोर्ट निगेटिव्ह. खोकला गेला, जुलाब मात्र राहिले. मी चाळभर सांगत सुटले, "आमचे मामा एकदम क्लीन हायेत." मोठी शहाणी मी!

त्या शनिवारी संडास धुवायला आमचं घर होतं. मामांचं करून करून माझा पिट्टा पडला होता. शेजारच्या मल्लव्वा दारात दिसल्या, तशी मी कंबरेवर हात ठेवून कण्हत म्हटलं, "आज माझी पाळी हाय हो."

"मग बस की गप घरात. आजचा संडास मी धुते."

त्यांना काय वाटलं ते मला लगेच कळलं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी आत जाऊन आडवी झाले. खराटा घासल्याचा, बादलीनं पाणी मारल्याचा आवाज ऐकत झोपले. जाताना पाहिलं होतं, मल्लव्वांच्या तोंडाला पदरसुद्धा नव्हता.

पंधरा दिवसांनी त्या कोविडनं गेल्या. त्यांचा बसू टॉवेलच्या कारखान्यात कामाला. तो सगळ्यांना एकच विचारायचा, "आई तर कुटं गेलीच न्हाय. मग कुटनं लागलं?" मलाही विचारलं. मी म्हटलं, देव जाणे.

एवढ्या वर्षांनी आज सकाळी अंकिता नावाची मुलगी गटारीच्या पाण्याचा नमुना न्यायला आली. सांडपाण्यात कोविडसारखे रोग शोधतात म्हणे. मी विचारलं, माणसाचा घसा साफ झाल्यावरही सापडतो?

"घसा साफ झाला तरी काहींच्या शौचातनं विषाणू बरेच दिवस पडत राहतो, मावशी."

"त्यानं दुसऱ्याला होतं व्हय?"

"शंका आहे. पक्कं सांगता येत नाही."

ती बाटली घेऊन गेली. रडू येईल म्हणून मी थांबले. आलं नाही. काहीच आलं नाही. शनिवार, आमचं घर, म्हणून खराटा उचलला. समोरून बसू आला. आता सांगूनच टाकायचं ठरवलं.

"बसू, माझी पाळी…"

बाप्या माणूस, त्यानं लाजून मान खाली घातली आणि माझ्या हातातला खराटा घेतला.

"कळलं, अक्का. बसा घरात. आईबी करायची की तुमचं. मी धुतो."

"तोंडाला फडकं बांध," एवढंच मी म्हटलं.

तो हसला. "आता कशाला?"

मी घरात येऊन बसले आहे. बाहेर बादलीनं पाणी मारल्याचा आवाज येतोय.