होडीच्या आतलं नाव

पुंडलिकने आधी लॅपटॉप होडीत ठेवायला लावला, मग मुलीला, उन्नतीला, हात देऊन चढवलं. होडी चिंचणीच्या वाळूत कलून उभी होती. जाळं कुठं सोडायचं त्याची खूण जमिनीवर उच्चारायची नाही, होडीतच सांगायची, असा त्यांच्या घरचा रिवाज. काचबिंदूनं पुंडलिकची नजर नेली होती. उद्यापासून होडी पुतण्या प्रीतम नेणार होता, आणि खूण अजून पुंडलिकच्याच पोटात होती.

प्रीतमला तो सांगायला तयार नव्हता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, बोईसरचे रिक्षावालेसुद्धा उद्या मासे धरतील, म्हणाला. म्हणून उन्नतीनं प्रोग्राम लिहायला घेतला होता: प्रीतमच्या फोनवर नुसती जागा दिसावी, खूण नाही.

खुणेच्या जागी नमुन्याचं नाव घालून तिनं तो चालवून पाहिला. लाल एरर आली, शेवटच्या ओळीवर. ती ओळ तर निर्मळ होती. ती वर वर चढत गेली. 'लेट' लिहून नाव सांगितलं होतं, पण ते कुठल्या हिशेबासाठी, ते सांगणारं 'इन' राहूनच गेलं होतं. तेवढं घातलं, लाल गेलं. मग मुद्दाम त्या हिशेबाच्या बाहेरून तेच नाव मागितलं. मशीन म्हणालं, असं नाव ठाऊक नाही.

"म्हंजे आतलं आतच ऱ्हातं?" पुंडलिकने विचारलं.

"हो बाबा. होडीतल्यासारखं."

तो बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिला. वारा सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घेऊन आला. उन्नतीची आई मासे टांगायच्या ओलाणीखाली उभी राहून पाण्याकडे बघायची, तोच वास.

"देवलाचा कलस आन् विजूचा ताड," तो हळूच म्हणाला, "एका रेषेत आले का जालं सोडायचं."

उन्नतीचे हात थांबले. आईला विजू म्हणताना तिनं त्याला कधीच ऐकलं नव्हतं. सगळ्यांसमोर ती 'उन्नतीची आय' असायची. आणि मामाच्या अंगणातला तो ताड आई गेली त्याच पावसाळ्यात पडला होता. आता नुसता बुंधा होता.

"बाबा, ताड तर..."

"मना दिसायचा," पुंडलिक म्हणाला. "आजून दिसते."

तिनं कळसाची आणि बुंध्याची जागा घातली. नमुन्याचं नाव खोडून तिथं खरं लिहिलं: विजूचा ताड.

"प्रीतम्याला काय दिसंल?"

"नुसती जागा."

"आन् नाव?"

"नाव आतच."

पुंडलिकने मान हलवली आणि उतरायला हात पुढे केला. मग हात मागे घेऊन तो पुन्हा फळीवर बसला. खाली उतरल्यावर ते नाव उच्चारता येणार नव्हतं.