नाकातली गुंडी

शिंप्याने मोबाइलचा उजेड लेकाच्या नाकाशी धरला, तोच पोराने मान झटकली आणि मोबाइल मशीनखाली जाऊन पडला. पण दिसायचं ते दिसलं होतं. उजव्या नाकपुडीत, पार आत, कॉलरला लावायची बारीक पांढरी गुंडी.

"शिंकर रे राजा. असं." त्याने स्वतःचं नाक शिंकरून दाखवलं. पोरगा त्याच्या खांद्यावरून पंख्याकडे बघत राहिला.

सात वर्षांचा झाला होता, पण तोंडात शब्द नव्हता. दिवसभर दुकानात बापाच्या पायाशी बसून गुंड्या रंगवार लावायचा, म्हणून गिऱ्हाइकं त्याला गुंड्याच म्हणत. पोरांच्या नाकात काय काय जातं. आई दटावते, पोर शिंकरतं, विषय संपतो. याची तर नखंसुद्धा झोपेत कापावी लागत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लांबूनच बघितलं. "आत ओढली गेली तर श्वासनळीत जाईल. थांबण्यात अर्थ नाही. घट्ट धरावं लागेल."

"त्याला कुणी धरलेलं चालत नाही हो."

"मग तुम्हीच धरा. परक्यापेक्षा बरं."

त्याने लेकाला मांडीवर घेतलं, पायांत पाय अडकवले, दोन्ही हातांनी त्याला छातीशी आवळलं. नर्सने डोकं धरलं. चिमटा जवळ आला तसा गुंड्या किंचाळला, तडफडला, बापाच्या मनगटाला कडकडून चावला. शिंपी "झालं रे, झालं" म्हणत होता. झालं काहीच नव्हतं.

"अजून घट्ट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याने अजून आवळलं. आणि त्या किंकाळीला मध्येच आकार आला.

"बाबा!"

नर्सचे हात थबकले. पोरगा बंद दाराकडे बघत होता. बाहेरून कुणीतरी धावत येणार असल्यासारखा.

"बाबा! बाबा!"

"सोडू नका," डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

त्याने सोडलं नाही.

संध्याकाळी बायको कामावरून आली ती चप्पल न काढताच लेकापाशी बसली. त्याचं मोकळं झालेलं नाक बघितलं, गाल पुसले.

"फार रडला का?"

"रडला."

"मी हवी होते तिथे."

त्याने तिची पिशवी उचलून खुंटीला अडकवली.

जरा वेळाने तिने नेहमीसारखं गुंड्याला आरशासमोर बसवलं. त्याच्या हनुवटीला बोट न लावता, नुसते स्वतःचे ओठ मिटून उघडून दाखवू लागली. "बा... बा. म्हण बघू. बा... बा."

गुंड्या आरशाची कड चाचपत होता.

"तुम्ही पण बसा की समोर," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघून तरी म्हणेल एखाद्या दिवशी."

शिंपी उठला. तो दोन पावलं पुढे आला तसा पोरगा सरकत सरकत आईच्या पाठीमागे गेला.

"आज राहू दे," शिंपी म्हणाला, आणि त्याने मनगटावरची बाही खाली ओढली.