न पळालेला ससा

मी एक म्हातारा ससेशिकारी कुत्रा आहे, मित्रांनो. नाव राइकू, मुक्काम फिनलंडमधल्या एका जंगलाकाठी. त्या सकाळी माझ्या मालकाला, एइनोला, एका सशात दोन लाभ दिसत होते: हंडीभर मांस आणि शेजारच्या ताउनोपुढे फुशारकी. माझा वाटा ठरलेला. आमच्याकडे सशाचे पंजे कुत्र्याला देतात.

ससा झुडपाखाली मुकाट बसला होता. मी जवळ गेलो तरी उठेना. तोंडात धरून आणला. पाठलाग नाही, बार नाही. आमच्या शिकाऱ्यांत असा ससा म्हणजे लाजच! बोटाला चिरा असूनही एइनोने तो उघड्या हातांनी सोलला आणि कॉफीला आलेल्या ताउनोला सांगितलं, "राइकूने काय पिटाळला म्हणतोस! धावतानाच टिपला मी."

माझं अंग तापलं, अन्न नकोसं झालं. पण दोन दिवसांत मी उठलो. एइनोचं मात्र बोट चिघळलं, काखेत गाठ आली. औषध लागू पडेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी फोनच्या स्पीकरवर विचारलं, "ससा हाताळलात? सुस्त होता का?"

ताउनो बाकावरच बसलेला. एइनो कण्हत म्हणाला, "सुस्त? वाऱ्यासारखा पळत होता!"

"अरे, कातडं मी वाळत घातलंय," त्याची बायको हिल्का कडाडली. "छऱ्याचं एक भोक नाही त्याला!"

"मग काय, तुझ्या गप्पा ऐकून मेला?" ताउनो म्हणाला.

एइनोने डोळे मिटले. "बसलेलाच होता. राइकूने उचलून आणला."

"मग हा टुलारेमिया दिसतोय, सशांचा रोग," बाई म्हणाल्या. "ताबडतोब या, औषध बदलायला हवं. कुत्र्यालाही दाखवून घ्या. त्याच्या तोंडातून, अंगावरच्या गोचिडांतूनही हा माणसाला लागू शकतो. कातड्याला कुणी हात लावला?"

हिल्का आपल्या हातांकडे बघत राहिली.

ताउनो म्हणाला, कुत्रा हाकलून द्या. हिल्काने ऐकलं नाही. पुढे तिलाही तोच ताप चढला, तरी हातमोजे घालून ती माझ्या गोचिडी काढत होती.

मित्रांनो, रानात मलूल पडलेला प्राणी उचलू नका, आपल्या कुत्र्यालाही उचलू देऊ नका. कुत्राच मलूल झाला तर त्याला हाकलू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा.

एइनो आणि हिल्का दोघंही बरी झाली. ससा जिवानिशी गेला, एइनोची पत गेली, मला दोन दिवसांचा ताप पुरला. सगळ्यात जास्त दिवस अंथरुणावर काढले ते हिल्काने, आणि तिला त्या सशातून काहीच नको होतं.