तीनच जोडण्या

आमच्या विभागात जाळी तोडायचं काम चालतं. खरी जाळी नव्हे, संगणकातली. त्यात क्वांटम जोड्यांनी, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या कणांच्या जोड्यांनी, बांधलेली ठाणी असतात. एकाचा निरोप दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे जातो. आम्ही एकेक ठाणं काढत जातो आणि जाळं कधी तुटतं ते पाहतो. बराच वेळ काहीच बिघडत नाही. मग एकच ठाणं जास्त काढलं जातं आणि सगळ्याचे तुकडे होतात. त्या जागेला क्रांतिक बिंदू म्हणतात. माझी उमेदीची वर्षं त्या बिंदूपायी गेली, आणि घरच्यांना अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते.

आई गेल्यावर आठवड्याभरात मी कामावर हजर झाले. रडू आलं नव्हतं. जेवत होते, झोपत होते, आलेल्या मेलना उत्तरं देत होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे तोंडावर 'काटेकोर' म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. तो म्हणाला, "घरी थांबायचं होतंस अजून."

"घरी काय करू? भिंतींशी बोलू?"

त्याने ते हसण्यावारी नेलं.

आईचं घर भाड्याचं होतं, महिनाअखेर मालकाला परत जाणार होतं. मला त्यातली एक वाटीसुद्धा नको होती. फक्त एकदा स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, तिच्या स्टुलावर एकटीने बसायचं होतं. तिथे तरी रडू येईल अशी आशा होती. रविवारी येते म्हणून सांगायला मी ऑफिसमधूनच मालकांना फोन केला.

"चाव्या मिळाल्या की मला," ते म्हणाले. "घर रिकामं झालं. ओटा फोडायला घेतलाय आज. तुम्हाला माहीत नाही?"

दादाचा जुना नंबर माझ्याकडे होता, तो लावला.

"अगं, ताई कळवणार होती ना तुला?"

"ती असं म्हणाली?"

"आमचं बोलणं कुठे होतं! मी कपाट नेलं आणि चावी शेजारच्या काकूंकडे ठेवली. म्हटलं, ताई सांगेल."

"तिचा नंबर दे."

"माझ्याकडचा लागत नाही. बदललाय वाटतं."

आमच्यात भांडण नाही. अबोलाही नाही, अबोला धरायला आधी बोलावं लागतं. दादाला मुलगी झाली ते आईने सांगितलं, ताईची बदली आईने सांगितली, माझ्या नोकरीची बातमी दोघांना आईनेच दिली. अंत्यविधीच्या दिवशी आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो, पण कोणी कोणाचा नंबर मागितला नाही. आईच्या जोडण्या तीनच. आमच्या कामात ठाण्याचं महत्त्व जोडण्यांच्या संख्येवर ठरतं. तीनवाल्याकडे आम्ही ढुंकूनही पाहत नाही, बिनदिक्कत काढून टाकतो. नंतर जी ठाणी सुटी पडतात, ती हिशेबातूनच वगळतो.

"ही सुटी ठाणी उडवू ना?" काटेकोरने खुर्ची फिरवून विचारलं.

"उडव."

माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. मला माझीच चीड आली.

आता ताईचा नंबर कोणाला विचारायचा? आईला, आणखी कोणाला. बोटांनी सवयीने फोन लावलासुद्धा. पलीकडे घंटा वाजायला लागली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ठेवणार, तोच कोणीतरी उचलला.

"आई गेली हो. आपण कोण बोलताय?"

आवाज ताईचा होता. बँकेच्या कामांसाठी तिने आईचं सिम आपल्या फोनमध्ये घातलं असणार. हे वाक्य तिने इतक्या जणांना ऐकवलं होतं की ते आता सपाट झालं होतं.

"मी धाकटी."

"चावी काकूंकडे होती. तू फिरकलीच नाहीस, म्हणून मी ती मालकांना देऊन टाकली. मला वाटलं, तुला काही नकोच असेल."

"मला कोणी सांगितलंच नाही गं."

"असं कसं? आईने तुला—" ती बोलून गेली आणि अडखळली.



"हा तुझा नंबर होय?" ती म्हणाली. "थांब, सेव्ह करून ठेवते." आणि तिला रडू फुटलं, मोठ्याने, लहानपणी फुटायचं तसं. मला अजूनही येत नव्हतं. मी फोन कानाशी धरून तिचं रडणं ऐकत बसले.